उन्हाची घडी : पहिलं अतिवास्तव छायाचित्र घडवताना

दुपारचं ऊन खिडकीतून आत उतरलंय आणि जमिनीवर त्याचा चौकोनी कवडसा पडलाय. कवडशाच्या बाजूला एक माणूस गुडघे टेकून बसलाय. त्यानं उन्हाचं एक टोक चिमटीत धरून अलगद उचललंय, वाळलेली चादर घडी घालायला उचलावी तसं. जिथून ऊन उचललं गेलं, तिथली जमीन सावलीत गेलीय.

असं दृश्य कॅमेऱ्यासमोर कधीच घडणार नाही. पण एक कॅमेरा, एक ट्रायपॉड, एक पातळ सुती कापड आणि लेयरची, म्हणजे चित्राचे थर एकावर एक ठेवण्याची, सोय असलेलं सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर ते दोन-तीन दिवसांत घडवता येतं. या लेखात आपण तेच करणार आहोत. पन्नास युक्त्या वरवर शिकण्यापेक्षा एकच चित्र शेवटपर्यंत नेलं की हाताला जास्त लागतं, हा माझा अनुभव आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. अशा चित्रात अशक्य गोष्ट एकच असावी आणि तिच्या भोवतालचं बाकी सगळं कसोशीनं खरं असावं. ऊन उचललं जातंय, हे आपलं एकमेव खोटं. ते एकदा बोललो की सावल्या, बोटांचा ताण, कापडाचा झोळ, जमिनीचा पोत यांत तसूभरही खोटं चालणार नाही. नवखे लोक बहुतेकदा उलटं करतात. तरंगणारा माणूस, दोन चंद्र, उडणारे मासे असं सगळं एकाच चौकटीत भरतात आणि सावली मात्र कुणाचीच पडत नाही. बघणारा तिथे थांबत नाही, कारण विश्वास ठेवायला त्याला कुठे जागाच मिळालेली नसते.

ही शिस्त संगणकाहून जुनी आहे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली आणि त्यात लेयर आले ते १९९४ मध्ये. पण छायाचित्रकार ऑस्कर रेलँडरनं १८५७ मध्येच तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र छापलं होतं. छायाचित्रकार जेरी युल्समन डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणारी यंत्रं) मांडून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत असे, आणि त्याच्या चित्रांत झाडांची मुळं घराच्या भिंतींत मिसळून जात. १९४८ मध्ये छायाचित्रकार फिलिप हाल्समननं चित्रकार साल्वादोर दालीला हवेत उडी मारायला लावली, सोबत तीन मांजरं आणि बादलीभर पाणी हवेत फेकलं, आणि हवं ते चित्र मिळायला २८ प्रयत्न लागले. या लोकांकडे ‘अनडू’, म्हणजे केलेलं मागे घेण्याचं बटण, नव्हतं. त्यामुळे जोडणीचा सगळा विचार त्यांनी आधीच करून ठेवलेला असे. आपल्याकडे अनडू आहे, तरी विचार आधीच करायचा.

पायरी १ : कल्पना

कल्पना कुठून आणायची, हा पहिला प्रश्न. माझं उत्तर : बोलण्यातून. आपली भाषा अतिवास्तव चित्रांनी खच्चून भरलेली आहे, सवयीमुळे ती आपल्याला दिसत नाहीत एवढंच. घर खायला उठतं. पायाखालची जमीन सरकते. आभाळ फाटतं. माणसं शब्द गिळतात, ऊन खात बसतात, दिवस ढकलतात. यातला एखादा वाक्प्रचार घ्या आणि तो शब्दशः घडतोय असं डोळ्यांपुढे आणा.

इथे एक धोका आहे. वाक्प्रचाराचं नुसतं चित्र काढलं तर ते कोडं होतं. बघणारा ओळखतो, हसतो आणि पुढे जातो. म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा : हे करणाऱ्या माणसाला काय वाटतंय? आपल्या चित्रातला माणूस ऊन का उचलतोय? माझ्या मनात उत्तर असं होतं, की तो दिवस आवरतोय. संध्याकाळी घरातली आवराआवर करावी तसा. हे उत्तर सापडल्यावर बाकीचे निर्णय आपोआप झाले : खोली जवळपास रिकामी, माणूस पाठमोरा किंवा तिरका, हालचाल सावकाश.

छायाचित्रकार ग्रेटे स्टर्नची फोटोमोंताज (अनेक फोटो जोडून केलेली चित्रं) या दृष्टीनं जरूर पाहा. १९४८ ते १९५१ या काळात अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेसमधल्या एका साप्ताहिकात वाचक बायका आपली स्वप्नं लिहून पाठवत आणि स्टर्न त्यांची चित्रं करत असे. एका चित्रात एक बाई टेबललॅम्पची बैठक होऊन बसलीय आणि एका पुरुषाचा हात बटणाकडे चाललाय. अशक्य गोष्ट एकच. तिला काय वाटतंय, हे मात्र कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पायरी २ : कागद

चित्र काढता येत नसलं तरी चालेल. चौकट आखा, खिडकी कुठे, कवडसा कुठे, माणूस कुठे ते रेघांनी दाखवा. मग उजेड कुठून येतोय त्याचा एक ठळक बाण काढा. हा बाण पुढे प्रत्येक पायरीवर कामाला येतो.

त्याच कागदावर लागणाऱ्या फोटोंची यादी करा. आपल्याला तीन लागतील. पहिला, रिकामी खोली आणि पूर्ण कवडसा. दुसरा, तीच खोली, पण कवडसा अडवलेला. तिसरा, कवडशावर अंथरलेलं कापड आणि त्याचं टोक उचलणारा माणूस. दुसरा फोटो लोक हमखास विसरतात. ऊन उचलल्यावर खाली काय दिसणार, हे त्या फोटोशिवाय कळतच नाही. मग ती जागा काळ्या ब्रशनं रंगवावी लागते आणि रंगवलेली सावली लगेच ओळखू येते.

पायरी ३ : चित्रण

नव्वद टक्के काम इथे होतं. इथे राहिलेली चूक सॉफ्टवेअरमध्ये झाकायला दहापट वेळ जातो आणि तरी ती पूर्ण झाकली जात नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावला की शेवटचा फोटो होईपर्यंत त्याला धक्का लागू द्यायचा नाही. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही हातानं ठरवून कुलूपबंद करा. ऑटो ठेवलं तर कापड पसरल्याबरोबर कॅमेरा सगळी खोली काळवंडून टाकेल आणि तीन फोटो एकमेकांशी बोलणार नाहीत. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ आणि फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली), हे सुरुवातीला ठीक आहे. फोन वापरत असाल तर स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. पोर्ट्रेट मोड आणि नाइट मोड बंद ठेवा, कारण ते प्रत्येक फोटोवर वेगवेगळी प्रक्रिया करतात. शटर टायमरनं दाबा, बोटानं नको.

एक्स्पोजर कापडावरून ठरवा. उन्हातलं पांढरं कापड जमिनीच्या आधी फटफटीत होतं आणि एकदा फटफटलेल्या भागात विणीचा एक धागाही परत मिळत नाही. शुभ्र पांढऱ्याऐवजी मळकट पिवळसर कापड घेतलं तर हा त्रासही कमी होतो आणि ते उन्हासारखं जास्त दिसतं.

आता सूर्याचं गणित. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. खिडकीची कड कवडशापासून तीन मीटरवर असेल तर चार मिनिटांत कवडसा पाच सेंटीमीटर तरी सरकतो. पहिल्या प्रयत्नात मला हे ठाऊक नव्हतं. रिकाम्या खोलीचा फोटो काढून मी सावकाश कापड अंथरलं, घड्या नीट केल्या, माणसाला बसवलं आणि वीस मिनिटांनी तिसरा फोटो घेतला. संगणकावर दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवल्यावर कवडसा भलतीकडेच गेलेला दिसला. त्या दिवसाचं सगळं काम टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून मी क्रम बदललाय. आधी माणूस आणि कापड यांची पूर्ण तालीम करायची, तिसरा फोटो सगळ्यात आधी घ्यायचा, मग माणूस आणि कापड बाजूला करून लगेच रिकामी खोली, आणि शेवटी खिडकीजवळ, चित्राच्या चौकटीबाहेर, एक मोठा पुठ्ठा धरून कवडसा अडवायचा. तिन्ही फोटो दोन मिनिटांच्या आत झाले पाहिजेत.

कापडाचं कोणतं टोक उचलायचं यालाही महत्त्व आहे, आणि हे करून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. ऊन तिरपं येतं. खिडकीपासून लांबचं टोक सरळ वर उचललं तर ते उन्हाच्या झोताबाहेर जाऊन विझतं. खिडकीच्या बाजूचं टोक वर आलं तरी झोतातच राहतं आणि उजळलेलं दिसतं. म्हणून खिडकीकडचं टोक उचला, आणि माणूस कवडशाच्या बाजूला बसवा, म्हणजे त्याच्या पाठीची सावली कापडावर पडणार नाही.

बोटांकडे विशेष लक्ष द्या. मॉडेलला ‘ऊन धर’ असं सांगितलं तर ते बोटं नाजूकपणे हवेत धरतात आणि ते नाटकी दिसतं. ‘कापड ओलं आहे, जड आहे’ असं सांगा. मनगट खाली झुकतं, अंगठ्याच्या पेरावर ताण येतो, खांदा जरा उतरतो. आत्ता कुठे त्याच्या हातात काहीतरी आहे असं वाटतं.

माणूस वेगळ्या ठिकाणी चित्रित करून नंतर आणायचा असेल तर एक नियम पाठ करा. सपाट जमिनीवर कॅमेरा जितक्या उंचीवर असतो, तितक्याच उंचीवर क्षितिजरेषा प्रत्येक उभ्या वस्तूला कापते, मग ती वस्तू जवळ असो की लांब. कॅमेरा १.२ मीटरवर असेल तर उभ्या प्रौढ माणसाला ती साधारण छातीच्या खाली कापेल, आणि दूरवर उभ्या त्याच उंचीच्या माणसालाही तिथेच. म्हणून दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याची उंची टेपनं मोजून वहीत लिहा. लेन्स तीच आणि अंतरही शक्यतो तेच ठेवा. स्वीडनचा छायाचित्रकार एरिक योहान्सन जोडचित्रांसाठी सांगतो त्या तीन नियमांपैकी पहिले दोन हेच आहेत : दृष्टिकोन सारखा, उजेड सारखा. सांधा न दिसणं हा तिसरा. पहिले दोन चुकले तर तिसऱ्याचा उपयोग नाही.

पायरी ४ : जोडणी

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. गिम्प फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, फोटोशॉप असेल तर उत्तमच. लागणाऱ्या गोष्टी तीन : लेयर, मास्क, कर्व्ह्ज (रेघ वाकवून उजळपणा आणि रंग बदलण्याचं साधन).

तिन्ही रॉ फाइलींना तंतोतंत एकच सेटिंग लावून उघडा. सगळ्यात खाली पूर्ण कवडशाचा फोटो, त्यावर कवडसा अडवलेला, सगळ्यात वर माणसाचा.

खोडरबराला हात लावू नका. जे लपवायचं ते मास्कनं लपवा. मास्कवर पांढरं म्हणजे दिसतं, काळं म्हणजे लपतं, करडं म्हणजे अर्धवट. खोडलेलं परत येत नाही, मास्क मात्र सहा महिन्यांनीही बदलता येतो.

वरच्या दोन्ही लेयरना काळे मास्क लावा. आता मऊ पांढऱ्या ब्रशनं, फ्लो (ब्रशमधून रंग उतरण्याचं प्रमाण) दहा-पंधरा टक्के ठेवून, वरच्या लेयरमधून माणूस आणि उचललेलं टोक हळूहळू दिसू द्या. इथे ट्रायपॉडचे पैसे वसूल होतात : माणसाभोवतीची जमीन दोन्ही फोटोंत सारखीच असल्यानं केसागणिक कडा कापत बसावं लागत नाही, ब्रश सैल फिरला तरी सांधा दिसत नाही. जमिनीवर सपाट पसरलेल्या कापडाचा भाग मात्र लपलेलाच ठेवा. तिथे खालचा खरा कवडसा दिसला पाहिजे.

मग मधल्या लेयरमधून उचललेल्या टोकाखालचा त्रिकोण दिसू द्या. हा त्रिकोण दिसतो त्या क्षणी चित्र जिवंत होतं. कापडाचा फोटो अचानक उन्हाचा फोटो होतो. मी हे अनेकदा केलंय, तरी त्या क्षणी हात थांबतोच.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे जमिनीवरचं ऊन जिथे कापड होऊन वर वळतं ती दुमड. तिथे ब्रश बारीक करा, फ्लो पाच टक्क्यांवर आणा आणि चार-पाच सेंटीमीटरच्या पट्ट्यात जमिनीचा पोत विरत आणि कापडाची वीण उमटत जाऊ द्या. एवढ्या एका पट्ट्याला मी एक अख्खी संध्याकाळ देतो.

पायरी ५ : सावल्या

खोटेपणा सर्वांत आधी इथे पकडला जातो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण त्याचे डोळे जन्मापासून सावल्या वाचत आलेले असतात.

सूर्य आकाशात बिंदू नाही, साधारण अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब, तितकी विरलेली. वस्तू जमिनीपासून दहा सेंटीमीटरवर असेल तर कड सुमारे एक मिलिमीटर विरते. तीन मीटरवर असेल तर पावणेतीन सेंटीमीटर. आपल्या चित्रात याचा अर्थ असा, की खिडकीच्या चौकटीमुळे बनलेली कवडशाची बाहेरची कड मऊ असणार, आणि उचललेल्या कापडाखालच्या त्रिकोणाची कड दुमडीपाशी तीक्ष्ण, बोटांच्या बाजूला येता येता मऊ. सगळीकडे एकसारखा ब्लर लावला तर चित्र कागदी कातरकामासारखं दिसेल.

दुसरं, टेकण्याची सावली. गुडघा जमिनीला टेकतो, बोट कापडाला टेकतं, तिथे दोन पृष्ठभागांच्या मध्ये एक अरुंद, अगदी गडद रेघ असते, कारण त्या फटीत कुठूनच उजेड शिरत नाही. ही रेघ नसेल तर माणूस जमिनीवर बसलेला दिसत नाही, चिकटवलेला दिसतो.

तिसरं, सावलीचा रंग. ‘मल्टिप्लाय’वर (खालचं चित्र गडद करणाऱ्या लेयरच्या पद्धतीवर) काळा रंग फासला की काजळी सांडल्यासारखं दिसतं. उन्हातली सावली आकाशाच्या उजेडात असते, म्हणून ती किंचित निळसर दिसते. जिथे सावली वाढवायची असेल तिथे कर्व्ह्जचा लेयर घ्या, एकूण उजळपणा उतरवा आणि निळा चॅनेल जरासा वर ठेवा. आजूबाजूच्या खऱ्या सावलीशी ताडून पाहत जा.

आणि उलट बाजू, परतणारा उजेड. ऊन हातात असेल तर त्या माणसाची हनुवटी, तळहात, बाहीची आतली बाजू खालून उजळायला हवी. उन्हातल्या कापडानं ते बरंचसं आधीच केलेलं असेल. कमी वाटलं तर चित्रणाच्या वेळीच चौकटीबाहेरून एक पांढरा पुठ्ठा खालच्या बाजूनं धरा. नंतर ब्रशनं रंगवलेला हा उजेड नाकाच्या खाली आणि बोटांच्या फटींत नेमका चुकतो.

पायरी ६ : सगळं एका हवेत आणणं

सगळ्यांच्या वर एकच कर्व्ह्ज किंवा रंगाचा लेयर लावा, म्हणजे तिन्ही फोटोंवर एकाच संध्याकाळची छटा चढेल. एखादा भाग उजळवला असेल तर तिथला नॉइज (रवाळ ठिपके) वर येतो, म्हणून शेवटी सगळ्या चित्रावर हलका समान ग्रेन (बारीक रवा) घाला. एवढं पुरे. गडद कडा, धुकं, उडणारी धूळ हे सगळं हाताशी असतं आणि मोहही होतो. पण आपली खोली जितकी साधी, तितकं ते उचललेलं ऊन मोठं.

काही जण इथे एआयकडून हवा तो भाग भरून घेतात. भिंतीवरचा एखादा खिळा घालवायला माझी हरकत नाही. पण कवडसा, हात आणि सावली त्याच्याकडून करून घेऊ नका : उजेडाची दिशा अनेकदा चुकते, आणि ती का चुकली हे ओळखण्याची नजरही तुमची तयार होत नाही. स्पर्धेला पाठवताना नियम वाचा आणि चित्र जोडून घडवलंय हे लिहा. दुसऱ्याचा फोटो वापरायचा असेल तर परवानगी लागतेच.

पायरी ७ : तपासणी

चित्र आडवं उलटं करा. डोळ्यांना झालेली सवय मोडते आणि तिरकं काही असेल तर लगेच दिसतं. मग वर एक कृष्णधवल लेयर टाकून फक्त उजेड-सावली पाहा, रंग फसवतात. त्यानंतर तात्पुरता एक कर्व्ह्ज लेयर टाकून त्याची रेघ लाटेसारखी वर-खाली खेचा. रंग भयाण होतील, पण मास्कच्या राहिलेल्या कडा आणि ब्रशचे डाग चमकून उठतील. दुरुस्त करून तो लेयर काढून टाका.

लेयरसकट मूळ फाइल जपून ठेवा आणि दाखवायची प्रत वेगळी बनवा. ६००० × ४००० पिक्सेलची फाइल इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबानं २० × १३ इंच छापता येते, आणि छापून पाहाच. स्क्रीनवर न दिसलेली दुमड कागदावर दिसते.

मग एका रात्रीची विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी चित्र अशा कुणाला तरी दाखवा ज्याला ते कसं केलं हे ठाऊक नाही. काही सांगू नका, फक्त त्याचे डोळे पाहा. नजर कापडाच्या कडेवर किंवा गुडघ्यापाशी अडकली आणि तो म्हणाला, ‘हे कसं चिकटवलंस?’, तर त्याच जागेवर परत जाऊन मास्क उघडा. आणि तो जर म्हणाला, ‘आता ही घडी तो ठेवणार कुठे?’, तर फाइल बंद करा. चित्र झालंय.